देवधान : बांधीतील धानाचे रानातील आप्त

माघी पौर्णिमा जवळ आली की, गोंदिया–डोंगरगड लोहमार्गावरील दरेकसा या लहानशा स्थानकावर यात्रेकरूंची रीघ लागते. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, धनेगावाजवळच्या डोंगरात कचारगडच्या विशाल नैसर्गिक गुहा आहेत. पारी कुपार लिंगो आणि माता कली कंकाली यांच्या कथेशी निगडित असलेले हे स्थान गोंड समाजाचे थोर श्रद्धास्थान होय. महाराष्ट्राप्रमाणेच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा व ओडिशा या राज्यांतूनही भाविक येथे येतात. गोंड समाजात प्रत्येक कुळाने ठराविक वृक्ष, पशू व पक्षी यांना आपले मानावे, त्यांस इजा करू नये, अशी जुनी परंपरा आहे. रानातील जीवांशी माणसाचे नाते असते, ही जाणीव या परंपरेच्या मुळाशी आहे.

यात्रेच्या दिवसांत या भागातील धानाची कापणी व चुरणी आटोपलेली असते. बांध्यांत धसकटे उरलेली असतात. कोठे ओलीवर लाखोरी उभी असते. याच सुमारास पूर्व विदर्भातील बोड्यांच्या व जुन्या तलावांच्या ओसरत्या पाण्याकाठी एका गवताची वाळलेली, पिवळी ताटे दिसतात. त्यांवरील लोंब्या रिकाम्या असतात, कारण दाणे केव्हाच चिखलात गळून पडलेले असतात. गुरे ती ताटे चघळतात व येणाराजाणारा त्यांच्याकडे लक्षही देत नाही. हे गवत म्हणजे देवधान, अर्थात रानटी धान होय.

ज्या धानावर गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांचा संसार चालतो, त्या धानाचे हे सख्खे आप्त आहे. ते बांधीत शिरले तर पिकाचे नुकसान करते, आणि बोडीत राहिले तर पुढील पिढ्यांच्या पिकाचे रक्षण करू शकते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणूनच देवधान कोठून उपटावे आणि कोठे राखावे, याचा विवेक प्रत्येक शेतकऱ्यास व गावपातळीवरील कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

देवधानाची ओळख

देवाने पेरलेले धान, असा या नावाचा अर्थ. ते कोणी नांगरत नाही, पेरत नाही व रोवतही नाही. संस्कृतात यासच नीवार म्हणत. ऋषींच्या आश्रमांतील अन्न म्हणून त्याचा उल्लेख प्राचीन वाङ्मयात आढळतो. कालिदासाच्या शाकुंतलातही नीवार आला आहे. शर्मा व शास्त्री या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ साली या गवताच्या एका जातीस शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्यांनी हाच जुना शब्द घेऊन ‘ओरायझा निवारा’ असे नाव ठेवले. शेजारच्या छत्तीसगडात यालाच पसहर म्हणतात. हलषष्ठीच्या व्रतास नांगरलेल्या जमिनीतील अन्न चालत नाही, म्हणून तेथील स्त्रिया त्या दिवशी पसहराचाच भात खातात. त्या दिवसांत बाजारात पसहराला उत्तम तांदळाहूनही अधिक भाव येतो. महाराष्ट्रात ऋषिपंचमीला बैलांच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानतात, तेव्हा देवभाताची आठवण होते, तीही याच कारणाने.

रानटी धानाचे मुख्यतः दोन प्रकार आपल्याकडे आढळतात. पहिला प्रकार वर्षायू आहे. तो पावसाबरोबर उगवतो, उथळ बोडीत, नाल्याच्या काठी किंवा रस्त्याकडेच्या खोलगट जागेत वाढतो, आणि पाणी आटण्यापूर्वी दाणे गाळून मरतो. हाच निवारा होय. दुसरा प्रकार बहुवर्षायू आहे. तो बारमाही किंवा खोल पाण्यात राहतो. त्याची ताटे पाण्यावर पसरतात व पेरांपेरांतून मुळे फुटतात. शास्त्रज्ञ त्यास ‘ओरायझा रुफिपोगॉन’ असे म्हणतात. पहिला प्रकार दरवर्षी बियांच्या बळावर जगतो, तर दुसरा मुख्यतः खोडाच्या व मुळांच्या बळावर टिकतो.

दोन्ही प्रकारांची काही लक्षणे समान आहेत. दाण्याच्या टोकास लांब कुसळ असते आणि ते पुष्कळदा तांबूस दिसते. टरफल काळसर किंवा करडे असते, तर आतील तांदूळ तांबडा असतो. लोंबीतील सर्व दाणे एकदम पिकत नाहीत. वरचे आधी पिकतात आणि पिकताच गळतात. गळलेला दाणा लगेच उगवत नाही. तो चिखलात पडून राहतो व योग्य वेळ येताच अंकुरतो. देवधान गोळा करणाऱ्यांना ही गोष्ट पुरती ठाऊक असते. म्हणून ते पहाटेच्या दवात टोपली घेऊन जातात आणि लोंब्या टोपलीवर वाकवून झटकतात. काही ठिकाणी लोंब्या पिकण्यापूर्वीच त्यांच्या जुड्या बांधून ठेवतात, म्हणजे दाणे पाण्यात पडत नाहीत.

गवतांचा प्राचीन इतिहास व विदर्भाचा पुरावा

धान, गहू, ज्वारी, मका, कोदो, कुटकी, ऊस व बांबू ही सर्व एकाच गवतकुळातील आहेत. या कुळात जगभर ११,००० हून अधिक जाती आहेत. मनुष्यजातीच्या अन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग या कुळातील धान्यांपासूनच येतो. असे हे कुळ पृथ्वीवर केव्हा अवतरले, याचा शोध घेताना शास्त्रज्ञांना एक अत्यंत महत्त्वाचा पुरावा विदर्भातच सापडला.

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील जुन्या थरांत महाकाय प्राण्यांची हाडे आणि दगड बनलेली विष्ठा सापडते. हे प्राणी म्हणजे डायनोसॉर. ते सुमारे ६ कोटी ५० लाख ते ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी येथे वावरत होते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा तीत गवतांचे अवशेष आढळले. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. गवते डायनोसॉरांच्या नंतर पसरली, असा तोवर सर्वसाधारण समज होता. तो या पुराव्याने बदलला. पुढे २०११ साली याच ठिकाणच्या नमुन्यांत धानाच्या गटातील गवतांचे अवशेषही ओळखण्यात आले.

एवढ्या दीर्घ काळानंतर गवताची ओळख कशी पटली, हे शेतकऱ्यास सहज समजण्याजोगे आहे. धानाची पाने हाताला कापतात आणि धानाच्या कोंड्याची राख खरखरीत लागते. गोंदियाच्या राइस मिलांतून निघणाऱ्या कोंड्याच्या राखेत वाळूचाच मूळ घटक, म्हणजे सिलिका, मुबलक असतो. धानाचे झाड हा घटक जमिनीतून शोषून घेते व पानांत, टरफलांत त्याचे अतिसूक्ष्म कण तयार करते. हे कण कुजत नाहीत, आणि प्रत्येक गवतगटात त्यांचा आकार निराळा असतो. झाड नष्ट झाले तरी हे काचेसारखे कण कोट्यवधी वर्षे टिकून राहतात व त्या झाडाची साक्ष देतात.

याचा अर्थ आजचे देवधान त्या काळी पिसदुऱ्यात उगवत होते, असा नव्हे. देवधान ज्या मोठ्या गटातून पुढे उत्पन्न झाले, त्या गटाचे पूर्वज तेव्हा या भूमीवर होते, एवढेच यावरून सिद्ध होते. त्यानंतर हवामान अनेकदा पालटले. पाऊस वाढला, घटला. नद्यांनी पात्रे बदलली. प्रत्येक बदलात ज्या झाडांत तगून राहण्याचा गुण होता, ती राहिली व उरलेली गेली. आज धानाच्या वंशात सुमारे २४ जाती जगात मानल्या जातात. त्यांपैकी मनुष्याने लागवडीखाली आणलेल्या केवळ दोन आहेत : एक आशियातील, जी आपण लावतो, आणि दुसरी आफ्रिकेतील. बाकी सर्व रानातच आहेत.

रानातून बांधीत

रानटी धानापासून लागवडीचे धान झाले, ते एका दिवसात नव्हे. चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ ते दहा हजार वर्षांपूर्वीपासून हे कार्य चालल्याचे पुरावे आहेत. आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यातही रानटी धान गोळा करून खाण्याची प्रथा अतिप्राचीन आहे. आपल्या धानात भारतीय रानटी धानाचा अंश मिसळलेला आहे, असे आजच्या संशोधनावरून दिसते.

या परिवर्तनातील सर्वांत मोठी घटना म्हणजे दाणे गळणे थांबले. रानातील झाडास दाणा गळणे हिताचे असते, कारण गळला तरच तो रुजणार. मनुष्यास मात्र लोंबीत टिकणारा दाणा हवा असतो. हजारो झाडांत एखादे झाड असे निघे की, त्याचे दाणे देठाला घट्ट चिकटून राहत. कापणीत त्याचेच दाणे अधिक हाती येत व पुढील वर्षी तेच पेरले जात. असे होता होता न गळणारे धान प्रचारात आले. प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणांचे वाहक असे घटक असतात, त्यांस जनुके म्हणतात. धानाचे दाणे गळणे कमी होण्यास एका जनुकातील अगदी लहानसा बदल मुख्यत्वे कारणीभूत झाला, असे २००६ साली दाखवून देण्यात आले. एवढ्याशा बदलावर आज आशियातील अब्जावधी लोकांचे अन्न उभे आहे.

परंतु या निवडीत एक हानीही झाली. मनुष्याने रानातील सर्व झाडे घेतली नाहीत. आपल्या उपयोगाची थोडीच उचलली. त्यामुळे रानटी धानातील गुणांचा मोठा भाग रानातच राहून गेला. जे आले, त्यांतून शेतकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या चिन्नोर, लुचई, दुबराज यांसारखे असंख्य वाण घडविले. कोणता वाण हलक्या जमिनीचा, कोणता डोबीचा, कोणता पोह्यांसाठी व कोणता सणासुदीच्या भातासाठी, हे त्यांना ठाऊक होते. १९६६ साली आय.आर. ८ आणि १९६८ साली जया हे बुटके, खताला मानवणारे वाण आले. उत्पन्न वाढले, देशाची भूक भागली, हे निर्विवाद होय. त्याचबरोबर शेकडो वाणांची जागा थोड्या वाणांनी घेतली, हेही खरे. गावातील सर्व बांध्यांत एकच वाण असला म्हणजे, जी कीड एका बांधीस लागते ती सर्व गावास लागते.

विविधतेतून काय साधते, याचे जवळचेच उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या शेतातील पटेल-३ या धानात काही निराळी झाडे दिसली. त्यांनी त्यांचे बी वेगळे राखले, वर्षानुवर्षे निवड केली, आणि त्यातून एच.एम.टी. हा बारीक तांदळाचा वाण सिद्ध झाला. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. बांधीतील वेगळेपण ओळखणारी नजर व ते जपण्याची चिकाटी मात्र होती. शेतात वेगळेपणच नसते, तर या नजरेस दिसले तरी काय असते ?

रानटी गवताने वाचविलेली पिके

बांधीतील विविधता अपुरी पडते तेव्हा रानाकडे वळावे लागते. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात धानावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणुजन्य रोग पसरू लागला. तपकिरी तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेत. रोगट झाड खुजे राही, त्यास गवतासारखे असंख्य बारीक फुटवे येत व लोंबी धड निसवत नसे. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रतिकारक झाडाच्या शोधार्थ आपल्या संग्रहातील सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांत रोगाला दाद न देणारा एकच नमुना निघाला. तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या निवाराचा, म्हणजे आपल्या देवधानाचा होता. आणि त्या नमुन्यातीलही थोडीच रोपे रोगास पुरून उरली.

गुरुदेव खुश या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी त्या रोपांचा हा गुण संकराने लागवडीच्या धानात आणला. १९७६ साली प्रसारित झालेला आय.आर. ३६ हा वाण त्यातूनच निर्माण झाला. १९८० च्या दशकात तो जगात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर लावला जात होता. ज्या बोडीतून तो मूठभर दाणा उचलला, ती बोडी त्याआधीच बुजविली गेली असती, तर हा गुण कोठून आणावयाचा होता ? कोणत्याही कारखान्यात तो बनत नव्हता.

दुसरे उदाहरण कडाकरप्याचे. पानाच्या कडा वाळवीत जाणारा हा जिवाणूजन्य रोग पूर्व विदर्भातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्यास प्रतिकार करणारे एक प्रभावी जनुक आफ्रिकेतील माली देशाच्या रानटी धानात आढळले. हैदराबाद येथील संशोधकांनी ते इतर दोन प्रतिकारक जनुकांसह सांबा महसुरी या लोकप्रिय वाणात आणले. २००८ साली सुधारित सांबा महसुरी हा वाण प्रसारित झाला.

तिसरे उदाहरण संकरित धानाचे. १९७० साली चीनच्या हैनान बेटावर रानटी धानाचे एक झाड सापडले. त्याच्या फुलांत परागकण निकामी होते. अशा झाडावर दुसऱ्या वाणाचा पराग घालून संकरित बी मोठ्या प्रमाणात करता येते. पुढे युआन लाँगपिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच आधारावर चीनमध्ये संकरित धान यशस्वी केले. महाराष्ट्रात कर्जत येथील संशोधन केंद्रातून १९९८ साली निघालेल्या सह्याद्री या संकरित वाणाच्या मातृवाणातही त्याच रानटी झाडाचा वारसा आहे.

ही गोष्ट केवळ धानापुरती मर्यादित नाही. नदीनाल्यांच्या काठी शरदात पांढरे तुरे डोलविणारा कांस हा उसाचा रानटी आप्त होय. कोइमतूर येथील ऊसपैदास केंद्रात बार्बर व व्यंकटरामन यांनी १९१२ साली कांस व ऊस यांचा संकर केला. त्यातून को. २०५ हा वाण निघाला आणि उत्तर भारतातील ऊसशेतीचे रूप पालटले. ज्या गवतास शेतकरी शेतातून खणून काढीत होते, त्याच गवताने उसास काटकपणा दिला.

बांधीतील शत्रू : करगा

येथवरचे विवेचन वाचून धानउत्पादक शेतकरी विचारील की, हे गवत इतके गुणी असेल, तर ते आमच्या पिकात का उपद्रव देते ? हा प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर टाळून चालणार नाही.

रानटी धान व लागवडीचे धान यांचे गुणसूत्रांचे संच जुळणारे आहेत. दोहोंत २४ गुणसूत्रे असतात. त्यामुळे दोन्ही शेजारी फुलली, तर त्यांचा आपोआप संकर होऊ शकतो. त्यातून जे मिश्र धान उगवते, त्यास छत्तीसगडात करगा म्हणतात. तो दिसावयास धानासारखा, पण वागावयास रानटी असतो. त्याचे दाणे कापणीपूर्वीच गळतात, जमिनीत पडून राहतात व पुढील वर्षी पुन्हा उगवतात. निंदणाच्या वेळी त्याची रोपे ओळखू येत नाहीत. निसवल्यावर ओळख पटते, तोवर त्याने खत व पाणी खाल्लेले असते. त्याचा तांबडा दाणा मिसळला म्हणजे तांदळास भाव कमी मिळतो. आवत्या पद्धतीने पेरलेल्या बांधीत त्याचा उपद्रव अधिक व रोवणीच्या बांधीत कमी असतो.

करग्याचा बंदोबस्त करण्यासाठी पुढील उपाय योजावेत :

(१) बी स्वच्छ व खात्रीचे वापरावे. घरचे बी ठेवावयाचे असल्यास ज्या बांधीत भेसळ नाही, तिचेच ठेवावे. पेरणीपूर्वी बी ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवावे. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि बुडालेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. मात्र भरलेला करगा धानाबरोबर तळाशीच जातो. म्हणून केवळ या उपायावर विसंबू नये.

(२) पहिल्या पावसावर बांधीत उगवलेला करगा व इतर तण वखरून किंवा नांगरून मारावे आणि त्यानंतरच चिखलणी करावी.

(३) करग्याचा जोर असलेल्या बांधीत आवत्याऐवजी ओळीत रोवणी करावी. पऱ्हे ज्या जागी टाकावयाचे, ती जागा करगामुक्त असावी. ओळींबाहेर उगवलेले प्रत्येक रोप संशयास्पद मानून उपटावे.

(४) निसवताना व पुन्हा कापणीपूर्वी बांधीतून फिरावे. कुसळी, उंच व वेगळ्या रंगाची झाडे दाणे गळण्यापूर्वी मुळासकट काढून बांधीबाहेर न्यावीत. धुऱ्यांवरील व पाटांतील झाडेही काढावीत.

(५) छत्तीसगडात जांभळ्या पानांचे श्यामला नावाचे धान याच कारणासाठी प्रसारित करण्यात आले. बांधीत जांभळे धान असले म्हणजे हिरवा करगा लहानपणीच ओळखू येतो व निंदता येतो.

सारांश, बांधीत देवधानास किंवा करग्यास स्थान नाही. तेथे त्यांची गय करू नये.

बोडीतील ठेव

बोडीची गोष्ट निराळी. पूर्व विदर्भात मालगुजारांच्या व त्याही पूर्वीच्या काळात बांधलेले हजारो तलाव आहेत. त्यांस माजी मालगुजारी तलाव किंवा संक्षेपाने मामा तलाव म्हणतात. १९५०–५१ साली मालगुजारी संपली व हे तलाव शासनाकडे आले. अशा तलावांच्या उथळ बाजूस पाणी हळूहळू चढते आणि हळूहळू ओसरते. त्या उतारावर निरनिराळ्या खोलीत निरनिराळी गवते व पाणवनस्पती वाढतात. देवधानास हीच जागा मानवते. तेथे मासे अंडी घालतात, पाणपक्षी चरतात व गुरांनाही चारा मिळतो.

हा उतार अनेक कारणांनी नाहीसा होत आहे. गाळ काढताना यंत्राने तलावाचा काठ सरळ उभा कापला, तर उथळ भागच उरत नाही. तलावाच्या पोटात अतिक्रमण करून शेती केली, तर रानटी धान नांगराखाली जाते. बेशरमाची झुडपे माजली की, इतर वनस्पतींना जागा राहत नाही. धुऱ्यावर व काठावर तणनाशक फवारले, तर बांधीतील शत्रूबरोबर बोडीतील ठेवही मरते.

आणखी एक धोका सहसा ध्यानात येत नाही. काठाला लागूनच सर्वत्र धान असले म्हणजे त्याचा पराग दरवर्षी देवधानावर पडत राहतो. दिसावयास गवत तेच राहते, पण त्यातील अस्सल रानटी गुण हळूहळू विरळ होतात. म्हणून जो तलाव रानात, बांध्यांपासून दूर आहे, त्यातील देवधानाचे मोल सर्वांत अधिक होय. कचारगडच्या परिसरासारख्या डोंगराळ व वनाच्छादित भागातील खोलगट पाणथळ जागा या दृष्टीने विशेष काळजीपूर्वक पाहावयास हव्यात.

बी थंड कोठारात साठवूनही ठेवता येते. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या दिल्ली येथील जनुकपेढीत उणे १८ अंश तपमानात असे बी राखले जाते. फिलिपिन्समधील संस्थेच्या जनुकपेढीत धानाचे १,३०,००० हून अधिक नमुने आहेत. परंतु कोठारातील बी झोपलेले असते. ते जसे ठेवले तसेच राहते. बोडीतील देवधान मात्र दरवर्षी नवा पाऊस, नवा दुष्काळ, नवी कीड सोसून बदलत राहते. पावसाचे मान अनिश्चित होत असलेल्या काळात हे बदलणे अत्यंत मोलाचे आहे. म्हणून कोठार हवे आणि बोडीही हवी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

कार्यकर्त्याने आपल्या गावातील तलाव, बोड्या व खोलगट जागा यांची पाहणी पावसाळ्याच्या अखेरीस करावी, कारण देवधान लोंब्यांवरून तेव्हाच नेमके ओळखू येते. गावातील वृद्ध स्त्रिया, गुराखी व मासेमार यांना अवश्य विचारावे. त्यांना या जागा पुस्तकापेक्षा अधिक माहीत असतात. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. देवधानाची जागा, स्थानिक नाव, उपयोग व पाण्याची खोली यांची नोंद या वहीत करावी.

तलावाचे खोलीकरण ठरले असेल, तर सर्व काठ उभा न कापता एका बाजूचा उतार तसाच ठेवण्याचा आग्रह ग्रामसभेत धरावा. बेशरम काढावयाचा, पण देवधान, खस व इतर उपयुक्त गवते राखावयाची, हा भेद मजुरांना जागेवर नेऊन दाखवावा.

संशोधन केंद्रास नमुना पाठवावयाचा असल्यास दाणे गळण्यापूर्वी लोंब्यांवर पातळ कापडाची पिशवी बांधावी. एकाच झाडाचे सर्व दाणे न घेता अनेक झाडांचे थोडे थोडे घ्यावेत व बहुसंख्य लोंब्या जागीच सोडाव्यात. बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरावे आणि त्यावर गाव, तलाव, तारीख व पाण्याची खोली लिहावी. पूर्व विदर्भात साकोली व सिंदेवाही येथे धानाची संशोधन केंद्रे आहेत. त्यांचे मार्गदर्शन घ्यावे. आणलेले बी घराजवळ किंवा बांधीजवळ कदापि पेरू नये.

ज्या घरी चिन्नोर, लुचई यांसारखे जुने वाण अजून असतील, तेथे निदान एका लहान बांधीत ते चालू ठेवण्यास उत्तेजन द्यावे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणीही करता येते.

गोंड समाजाने कुळाकुळांत वृक्ष व पशुपक्षी वाटून घेतले आणि त्यांचे रक्षण धर्म म्हणून पाळले. धानउत्पादक गावांनी त्याच रीतीने आपल्या एकेका बोडीतील देवधानाचे पालकत्व घेतले, तर त्यास फार खर्च लागणार नाही. बांधीत ते दिसले तर उपटावे. बोडीत दिसले तर राखावे. एवढा विवेक गावाने पाळला, म्हणजे उद्या धानावर नवा रोग आला असता त्याचे औषध शोधण्यास निघालेल्या संशोधकास रिकाम्या हाताने परत जावे लागणार नाही.